गाडी उंच करावी काय?

पावसाळा जवळ आला की आपल्या सुरत शहरात घरोघरी वाहनांची चर्चा सुरू होते. सखल भागांतील रस्त्यांवर पाणी साचते, खड्डे दिसेनासे होतात आणि गतिरोधकावरून जाताना गाडीचे पोट खरवडले जाऊन कर्कश आवाज येतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला, तेव्हा शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. त्या दिवसांच्या आठवणी वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात अजून ताज्या आहेत. अशा वेळी घरातील एखादा तरुण सुचवितो, "आपली गाडी दोन इंच उंच करून घेऊ या." सुट्या भागांच्या दुकानांत त्यासाठीचे रबराचे ठोकळे मिळतात, खर्चही बेताचा असतो आणि तास-दोन तासांत काम उरकते. काम सोपे म्हणून विचारही सोपा, असा समज मात्र होऊ देऊ नये. गाडीची उंची कशावर ठरते, ती वाढविण्याचे मार्ग कोणते आणि त्याचे मोल कोठे चुकवावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम बैलगाडीकडे पाहू. तिचा साटा थेट आसावर टेकलेला असतो. चाक दगडावरून गेले की चाकाबरोबर आस, आसाबरोबर साटा आणि साट्याबरोबर आत बसलेली माणसे, अशी सर्वांचीच उसळी होते. टांग्याला आस आणि वरची बैठक यांच्यामध्ये पोलादी पाट्यांच्या कमानी बसविल्या गेल्या आणि प्रवास सुसह्य झाला. चाक वर उचलले गेले तरी कमान दबते आणि बैठक बऱ्याच अंशी आपल्या जागी राहते. मोटारगाडीतही तत्त्व हेच आहे. मालमोटारींच्या मागच्या आसावर आजही पाट्यांच्या कमानी दिसतात. लहान मोटारींत बहुधा मळसूत्री स्प्रिंगा असतात. मोठ्या बसगाड्यांत हवेने भरलेल्या रबरी पिशव्या हेच काम करतात.

स्प्रिंग किती दबेल याचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. ओझे दुप्पट तर दबणे दुप्पट, ओझे तिप्पट तर दबणे तिप्पट, असा तो साधा नियम आहे. समजा, एखादी स्प्रिंग मोकळी असताना ३६ सेंटीमीटर लांब आहे आणि गाडीचा भार आल्यावर ती २४ सेंटीमीटर होते. म्हणजे ती १२ सेंटीमीटर दबली. गाडी जमिनीपासून किती उंच राहील हे मुख्यतः या उरलेल्या २४ सेंटीमीटरांवर आणि चाकाच्या आकारावर अवलंबून असते. गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांतील अंतराला मोटारीच्या व्यवहारात ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात.

स्प्रिंग एकदा दबली की ती उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे झोके लवकर थांबावेत म्हणून तिच्या जोडीला तेलाने भरलेली एक नळी असते. तिच्यातील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि उसळीचा जोर तेथे विरून जातो. हाच शॉक ॲब्सॉर्बर. गॅरेजातील मुले त्याला नुसते शॉकअप म्हणतात. भार पेलणे हे स्प्रिंगचे काम आणि झोके शांत करणे हे शॉकअपचे काम, हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पुष्कळ लोक गाडी खाली बसली की शॉकअपला दोष देतात, परंतु सामान्य गाडीत बसका आलेला असतो तो बहुधा स्प्रिंगला.

आता उंची वाढविण्याचे मार्ग पाहू. पहिला मार्ग म्हणजे स्प्रिंगच्या खाली किंवा वर ठोकळा बसविणे. यात स्प्रिंग पूर्वीचीच राहते आणि तिचा कडकपणाही पूर्वीचाच राहतो. फक्त ती ज्या पाटावर उभी आहे तो पाट उंच होतो. दुसरा मार्ग म्हणजे मळसूत्री स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबराचा तुकडा दडपून बसविणे. आपल्याकडे हाच मार्ग सर्वांत स्वस्त व म्हणून लोकप्रिय आहे. येथे गोष्ट वेगळी घडते. वरील उदाहरणातील स्प्रिंगला सहा वेढे आहेत असे समजू. बारा सेंटीमीटर दबण्यात प्रत्येक वेढ्याचा वाटा दोन सेंटीमीटर होता. एक वेढा रबराने अडविला की काम करणारे पाचच वेढे उरतात. गाडी सुमारे दोन सेंटीमीटर उंच होते खरी, पण स्प्रिंगचा कडकपणा सहाला पाच या प्रमाणात, म्हणजे एकपंचमांशाने वाढतो. सहाजणांनी उचलण्याचे ओझे पाचजणांवर पडावे, तसे हे झाले. गाडीचा स्वाभाविक झोका पूर्वी मिनिटाला सुमारे ८६ वेळा होत असेल, तर आता तो सुमारे ९५ वेळा होतो. मागच्या आसनावर बसलेल्या आजीला हा फरक कोणत्याही गणितावाचून कळतो.

तिसरा मार्ग पाट्यांच्या कमानींचा. त्यांत एखादा पाटा वाढवितात, किंवा आस व कमान यांच्यामध्ये ठोकळा घालतात. जुन्या जीपगाड्यांत कमानी आसाच्या खालून बांधलेल्या असत. त्या सोडून आसाच्या वर बांधल्या की गाडी एकदम चार-पाच इंच उंच होते. डोंगरी वाटांचे शौकीन हा उपाय करीत आले आहेत. चौथा मार्ग म्हणजे मोठी चाके बसविणे. यातील एक बारकावा विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात घ्यावा. ज्या गाडीचा मागचा आस अखंड असतो, तिच्या आसाच्या मध्यभागी दातेरी चक्रांची डिफरन्शियल नावाची पेटी असते. स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी ही पेटी चाकांबरोबरच राहते, ती तसूभरही वर येत नाही. वाटेतील दगडाला प्रथम लागणारा भाग बहुधा तीच पेटी असतो. म्हणजे पैसे खर्चून छप्पर उंच झाले, परंतु ज्याला दगड लागणार होता त्याला तो लागतोच!

यानंतर मोल चुकविण्याचा प्रश्न. सृष्टीमध्ये फुकट काही मिळत नाही, हे यंत्रशास्त्राइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही शास्त्र शिकवीत नसेल.

चाकाला वर आणि खाली जाण्यासाठी ठराविक वाव ठेवलेला असतो. गाडी ठोकळ्यांनी उंच केली की चाकाला खाली जाण्याचा वाव कमी होतो. चाक खड्ड्यात उतरताना शॉकअप आपल्या टोकाला पोहोचतो, त्याला हिसका बसतो आणि चाक क्षणभर अधांतरी राहते. अधांतरी चाकाला ना वळण घेता येते, ना ब्रेक लावता येतो. उलट गाडी खाली उतरविली तर वर जाण्याचा वाव आटतो आणि प्रत्येक खड्ड्यात ठोका बसतो. पुढच्या चाकांना फिरविणारे दांडे आणि इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणारे सांधे हेही एका नेमक्या कोनात काम करण्यासाठी घडविलेले असतात. उंची बदलली की कोन बदलतो, सांधे लवकर झिजतात, चाके किंचित तिरपी होतात आणि टायरची एकच कड घासू लागते.

काही गाड्यांत मागच्या चाकांना किती ब्रेक द्यावयाचा हे ओझ्याप्रमाणे ठरविणारी एक झडप आसाला जोडलेली असते. ओझे वाढले की गाडी खाली बसते, त्या अंतरावरून झडपेला ओझ्याचा अंदाज येतो. गाडी उंच केली की भरलेली गाडीही तिला रिकामी वाटते आणि ती मागचा ब्रेक हात राखून देते. दिव्यांचेही तसेच. दोन आसांत २५० सेंटीमीटर अंतर असलेल्या गाडीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा फक्त दोन सेंटीमीटर अधिक उचलला, तर २५ मीटर अंतरावर दिव्याचा झोत २० सेंटीमीटर वर जातो. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपविण्यास तेवढे पुरे आहे.

परंतु सर्वांत मोठी किंमत गुरुत्वमध्याच्या रूपाने द्यावी लागते. एक सोपा प्रयोग करा. एक लाकडी फळी घ्या. तिच्यावर खरखरीत कापड अंथरून एक आगपेटी आडवी आणि एक उभी ठेवा. आता फळीचे एक टोक हळूहळू वर उचला. आडवी पेटी जागच्या जागी असतानाच उभी पेटी कोसळेल. वजन तेच, आकार तोच. फरक केवळ गुरुत्वमध्याच्या उंचीचा आणि बुडाच्या रुंदीचा.

मोटारीला हाच नियम लागू होतो. डाव्या व उजव्या चाकांतील अंतराचा निम्मा भाग घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. येणारा आकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. चाकांतील अंतर १४० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंटीमीटर असेल, तर ७० ला ६५ ने भागून १.०८ हा आकडा मिळतो. गुरुत्वमध्य ५ सेंटीमीटर वर गेला की आकडा १.०० होतो. माणसांसह १६०० किलो वजनाच्या या गाडीच्या टपावर, जमिनीपासून १९० सेंटीमीटर उंचीवर, १०० किलोचे सामान बांधले, तर गुरुत्वमध्य आणखी ७ सेंटीमीटर वर सरकतो आणि आकडा ०.९१ वर येतो. प्रत्यक्षात वळणावर गाडी झुकते, टायर दबतात, त्यामुळे परिस्थिती या हिशेबाहूनही नाजूक असते.

आपल्यापैकी कित्येकांची घरे मूळची खानदेशातील. दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुट्टीत सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत भरलेल्या गाड्या साक्री-धुळ्याकडे निघतात. विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. गाडीत आजी-आजोबा, लहान मुले, टपावर बोचकी आणि डबे. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वरच्या गणितातील १.०८ आणि ०.९१ यांमधील अंतर शाळेच्या फळ्यावर क्षुल्लक दिसते. घाटातील वळणावर मात्र त्या अंतरात एक संपूर्ण कुटुंब बसलेले असते.

पाण्याचा युक्तिवादही येथेच तपासून घेऊ. गाडी दोन इंच उंच केली, म्हणजे पाण्यातही दोनच इंचांचा लाभ झाला. वाहत्या पाण्याची खोली फूटभर झाली तरी पुष्कळ लहान मोटारी तरंगू लागतात आणि दोन फुटांचा प्रवाह बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकतो. हवा घेण्याच्या नळीतून इंजिनात पाणी शिरले, तर पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे आतील दांडे वाकतात. अशा वेळी दोन इंचांच्या भरवशावर पाण्यात गाडी घालणे हे साहस ठरत नाही, अविचार ठरतो. उंच गाडीने दिलेला खोटा धीर हा तिचा न दिसणारा तोटा होय.

येथे कोणी विचारील, की मग उंची बदलणे हे मुळातच वाईट काय? मुळीच नाही. योग्य हेतूने, संपूर्ण रचनेचा विचार करून केलेला बदल किती उपकारक ठरतो, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात डीएस नावाची मोटार मांडली. तिच्यात पोलादी स्प्रिंगांऐवजी वायू आणि तेल यांच्या दाबाची योजना होती. चालक आत बसल्या बसल्या गाडीची उंची ठरवू शकत असे आणि ओझे वाढले तरी गाडी आपोआप आपली पातळी राखीत असे. त्याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाचे तरुण गाड्या खाली उतरविण्याच्या नादात होते. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कडेच्या खाली येता कामा नये, असा कायदा तेथे १९५८ मध्ये अमलात आला. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने विमानातील पंप आपल्या मोटारीला बसविले. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की गाडी खाली! शोध चतुराईचा खरा, परंतु त्यातून शोभेपलीकडे काही साधले नाही.

याच तत्त्वाचा लोकोपयोगी अवतार शहराच्या बसमध्ये दिसतो. आपल्याकडच्या शहरी बसच्या मानकांत फरशीची उंची ४००, ६५० व ९०० मिलिमीटर अशा तीन प्रकारांची सांगितलेली आहे. चारशे मिलिमीटरच्या खालच्या फरशीच्या बसमध्ये हवेच्या पिशव्या असतात. थांब्यावर आल्यावर पदपथाच्या बाजूच्या पिशव्यांतील थोडी हवा सोडली की बस त्या बाजूला गुडघा टेकल्यासारखी झुकते. काठी टेकीत चालणारी व्यक्ती, कडेवर मूल घेतलेली आई किंवा चाकाच्या खुर्चीतील प्रवासी सहज आत येतो. दार बंद झाले की पिशव्या पुन्हा भरतात आणि बस पूर्ववत उभी राहते.

रेल्वेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. आपल्या देशातील डब्यांच्या टोकांना जे बफर असतात, त्यांची रुळापासूनची उंची जास्तीत जास्त ११०५ आणि कमीत कमी १०३० मिलिमीटर राहिली पाहिजे असा दंडक आहे. आयसीएफ पद्धतीच्या डब्याचे नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे असे. झिजेमुळे ते वेळोवेळी कातून घ्यावे लागे आणि व्यास हळूहळू आठ-दहा सेंटीमीटरांनी कमी होई. त्याच्या निम्म्याने डबा खाली येई. तेव्हा कार्यशाळेतील कामगार मोजमाप करून ठराविक जाडीच्या चकत्या बसवीत आणि गेलेली उंची भरून काढीत. या डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले, तरी त्यातील शिकवण कायम आहे. रेल्वेही ठोकळे घालते. पण ती उंची वाढविण्यासाठी नव्हे, तर मूळची उंची राखण्यासाठी, आणि तेही मोजून, नियमाने व नोंद ठेवून. मनमानी आणि शास्त्र यांतील भेद एवढाच आहे.

कायद्याची भूमिकाही याच विचाराशी जुळणारी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी वाहनात रीतसर बदल करण्यास याच कायद्यात वाट ठेवलेली आहे. म्हणजे कायदा बदलाचा वैरी नाही. तो हेतू आणि सुरक्षितता विचारतो.

तर मग खरवडल्या जाणाऱ्या गाडीचे काय करावे? पहिली गोष्ट, बसका आलेल्या स्प्रिंगा बदलून त्याच मापाच्या नव्या घालाव्यात. दुसरी, टायरमधील हवा आणि गाडीवरील ओझे ठरलेल्या मर्यादेत असावे. तिसरी गोष्ट आपण सहसा विचारात घेत नाही. भारतीय रस्ते महासभेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच, असा सौम्य गोलाईचा असावयास हवा. भूमितीने हिशेब करा. अशा गतिरोधकाच्या माथ्यावर २५० सेंटीमीटर आसांतर असलेली गाडी उभी राहिली, तर दोन चाकांमध्ये त्याची गोलाई पाच सेंटीमीटरांहूनही कमी वर येते. भरलेल्या साध्या मोटारीचे पोट त्याहून बरेच उंच असते. याचा अर्थ, जेथे गाडी घासते तेथे पुष्कळदा गाडी ठेंगणी नसते. रस्त्यावर कोणी तरी मापाविना उभारलेला उंचवटा असतो.

म्हणून उद्या घरात गाडी उंच करण्याची गोष्ट निघाली, तर विद्यार्थ्यांनी नम्रपणे पण ठामपणे हा हिशेब वडीलधाऱ्यांपुढे मांडावा. सोबत एक मोजपट्टी घ्यावी, आपल्या गल्लीतील गतिरोधकाची उंची आणि रुंदी मोजावी आणि तो मानकात बसत नसेल तर महानगरपालिकेकडे रीतसर अर्ज करावा. एका घराने गाडी उंच केली तर एका घरापुरती सोय होते, आणि तीही धोका पत्करून. एक गतिरोधक मापात आला, तर त्या वाटेने जाणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक रुग्णवाहिका आणि प्रत्येक सायकलस्वार सुखाने जातो.